गाडगे महाराज आणि त्यांच्या चिंध्या

मनुष्य मनुष्यास प्रथम भेटतो तेव्हा त्यास समोरच्याचे अंतःकरण दिसत नाही, त्याचा सदरा दिसतो. दारी पाहुणा आला म्हणजे त्यास ओसरीवर घोंगडे पसरावे की अंगणातच उभे ठेवावे, ह्याचा निर्णय त्याने तोंड उघडण्यापूर्वीच झालेला असतो. शहरातही रीत हीच. अंधेरी, बोरीवली, मुलुंड, घाटकोपर ह्या मुंबईच्या उपनगरांत खेड्यातील मनुष्य आपल्या नातलगाचे घर शोधीत गेला, तर इमारतीच्या फाटकावरील पहारेकरी आधी त्याच्या वहाणांकडे व धोतराकडे पाहतो, आणि मग नाव विचारितो. याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मंडळीस ह्याच दोषाविषयी बजाविले आहे, हे आमचे वाचक जाणतात. आज त्याच विषयावर आम्ही शास्त्रविवरण न करिता महाराष्ट्रातील एका पुरुषाचे चरित्र सांगणार आहो. हा पुरुष आपल्या मंडळीतील नव्हता. तो वारकरी संतांच्या वाटेने चालणारा होता. तथापि वस्त्रावरून माणसाची पारख करणाऱ्यांस त्याने जन्मभर जो धडा दिला, तो आपण सर्वांनी शिकण्याजोगा आहे.

श्रीगाडगे महाराज ह्यांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. गावातील सर्व लोकांची वस्त्रे ज्याच्या हातांखालून जातात असा एकच मनुष्य असतो, आणि तो म्हणजे परीट. पाटलाचे पागोटे, सावकाराचे उपरणे आणि मजुराची बंडी ही सर्व त्याच्या भट्टीत एकत्र उकळतात व एकाच दगडावर आपटली जातात. वस्त्र अंगावरून उतरले म्हणजे त्यात थोरपणा किती उरतो, हे परिटाच्या मुलास कोणी निराळे शिकवावे लागत नाही. साऱ्या गावाची वस्त्रे जो शुभ्र करितो, त्यास स्वतःस मात्र मानाची जागा सर्वांच्या मागून मिळते, हेही तो लहानपणीच पाहतो.

डेबूजीचे बालपण सुखाचे नव्हते. बाप झिंगराजी दारूच्या व्यसनाने लवकरच मरण पावला. आई सखूबाई हिने पोरक्या मुलास घेऊन आपल्या माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे ह्या गावी, भावाचा आश्रय घेतला. तेथे डेबूजीने गुरे राखिली, नांगर धरिला, शेतीची सर्व कष्टाची कामे केली. शाळेचा उंबरठा त्याने ओलांडिला नाही. पुढे सावकाराच्या कर्जापायी मामाची जमीन गेली. दारूने बाप नेला आणि कर्जाने शेत नेले. अक्षरओळख नसलेल्या घरावर ह्या दोन्ही संकटांचा घाला किती सहज पडतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. त्याने पुढे आयुष्यभर जे सांगितले त्याची मुळे ह्या दापुऱ्याच्या शेतात आहेत.

सन १८९२ मध्ये कुंताबाईशी त्याचे लग्न झाले व संसार सुरू झाला. मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मांस देण्याचे त्याने नाकारिले आणि आलेल्या मंडळीस गोड जेवण वाढिले. लोक रुसले, परंतु तो ढळला नाही. नंतर १ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, तो घर सोडून निघाला, आणि येथपासून डेबूजीचा गाडगेबाबा झाला.

त्यांचा वेष कसा होता तो सांगितला पाहिजे, कारण आमचा विषयच तो आहे. अंगावर रंगीबेरंगी चिंध्या जोडून केलेली गोधडी. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. एका पायात एक वहाण, तर दुसऱ्या पायात निराळ्याच जातीची. हातात काठी किंवा खराटा. आणि सोबत एक फुटके मातीचे गाडगे. भाकर मिळाली तर ते ताट होई, तहान लागली तर भांडे होई, आणि ऊन लागले तर तेच डोक्यावर पालथे घालून टोपी होई. असा मनुष्य रस्त्याने जाताना दिसला तर आपण काय समजू? वेडा, भिकारी, किंवा कदाचित चोर. लोकही तेच समजत. कुत्री भुंकत, पोरे मागे लागत, आणि घरातील बाई दार ओढून घेई.

त्यांनी हा वेष का घेतला असावा? आम्हांस असे वाटते की त्यात दोन हेतू साधले जात होते. एक तर ज्याच्याजवळ चोरण्याजोगे व हेवा करण्याजोगे काही नाही, तो कोणाच्याही दारी निर्भयपणे जाऊ शकतो. गरिबास त्याची लाज वाटत नाही. दुसरे असे की ह्या वेषापुढे प्रत्येक मनुष्य आपले खरे रूप उघड करितो. जरीच्या पागोट्यापुढे सर्वच लोक गोड बोलतात. फाटक्या गोधडीपुढे जो गोड बोलतो तोच खरा गोड. महाराज लोकांची पारख वस्त्रावरून करीत नसत, परंतु त्यांच्या वस्त्रांवरून लोकांची पारख आपोआप होत असे.

त्यांच्या कामाची रीत ठरलेली होती. एखाद्या गावी गेले म्हणजे कोणाशी न बोलता खराटा घेऊन गल्ल्या झाडावयास लागावे. गटारे उपसावी, उकिरडा हलवावा. भाकर मागावयाची ती काम करून मागावी, फुकट घेऊ नये. आणि रात्र झाली म्हणजे गावच्या मध्यभागी कीर्तनास उभे राहावे. दिवसा ज्यास वेडा म्हणून हाकलिले तोच रात्री उभा राहून बोलतो आहे, आणि आपण मांडी घालून ऐकतो आहो, हे पाहून पुष्कळांच्या माना खाली जात. त्यांच्या आठवणी सांगणारे लोक एक प्रसंग पुन्हा पुन्हा सांगतात. महाराजांच्याच कीर्तनासाठी घातलेल्या मंडपाच्या दारावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकांनी त्यांस न ओळखिता भिकारी म्हणून बाजूस सारिले, आणि ते निमूटपणे बाजूस झाले. असे एकदाच घडले नसावे. जेथे वेष हीच ओळख मानिली जाते तेथे दुसरे घडणार तरी काय?

कीर्तनात ते पुराण सांगत नसत. श्रोत्यांस वऱ्हाडी बोलीत एकामागून एक प्रश्न विचारीत, आणि श्रोते स्वतःच उत्तर देऊन आपल्या चुकीपर्यंत येऊन पोहोचत. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण-लग्ने करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, शिवाशिव पाळू नका, मुलांस शाळेत घाला, हा त्यांचा उपदेश. त्यांत वस्त्राविषयीही एक बोध असे. बायकोस हलके लुगडे घ्यावे लागले तरी चालेल, जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, परंतु मुलास शिकविल्यावाचून राहू नका, असे ते विनवीत. पाहावयाचे हे की त्यांनी गरिबास नुसते फाटके नेसावयास सांगितले नाही. दिखाव्यापायी जाणारा पैसा पोराच्या पाटी-पुस्तकाकडे वळवावयास सांगितले.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. ह्या पुरुषास लोकांनी नावे दिली ती कोणती? कोणी त्यांस चिंधेबुवा म्हणे, कोणी गोधडे महाराज, कोणी लोटके महाराज, आणि अखेर गाडगे महाराज हेच नाव कायम झाले. सर्व नावे त्यांच्या चिंधीची, गोधडीची किंवा मडक्याची. डेबूजी हे नाव लोक विसरले. ज्यांनी त्यांस मान दिला त्यांनीही तो त्यांच्या वेषाच्याच नावाने दिला. वस्त्रावरून मनुष्य ओळखण्याची खोड किती खोल रुजलेली आहे हे ह्यावरून कळून येईल.

त्या चिंध्यांतील मनुष्याने जी कामे उभी केली ती मोठमोठ्या धनवंतांसही साधली नाहीत. वऱ्हाडात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे यात्रेकरूंच्या सोयीसाठी घाट बांधविला. नाशिक, पंढरपूर, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. अंधपंगूंस अन्न व वस्त्र, मुलांस वसतिगृहे व शाळा, भाकड गुरांस गोरक्षण, अशी कामे ठिकठिकाणी चालू केली. पंढरपुरास त्या काळी अस्पृश्य मानिलेल्या यात्रेकरूंस इतर धर्मशाळांत थारा नसे. त्यांच्यासाठी महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधिली. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले, परंतु त्यांतील एक पैही त्यांनी आपल्यासाठी किंवा आपल्या कुटुंबासाठी घेतली नाही. ज्यास सही करिता येत नव्हती, जो अंगठा उठवीत असे, त्याच्या हिशेबावर श्रीमंत लोक विश्वास ठेवीत. आपण बांधलेल्या धर्मशाळांत ते स्वतः कधी निजले नाहीत असे सांगतात.

परंतु येथे एक धोका आहे, आणि आमच्या मते ह्या चरित्राचे मर्म तेथेच आहे. चिंध्यांत साधू असतो असे एकदा कळले की लोक चिंध्यांचीच पूजा करू लागतात. काल ज्या गोधडीवर धोंडे फेकिले तिलाच आज हार घालितात. दोन्ही वेळा पाहिले ते वस्त्रच, मनुष्य पाहिलाच नाही. हे महाराजांनी चांगले ओळखिले होते. म्हणून पायां पडावयास येणाऱ्यांपासून ते पळ काढीत, प्रसंगी काठी उगारीत. आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, असे ते स्पष्ट सांगत. भगवी वस्त्रे पांघरून भोळ्या लोकांस लुबाडणाऱ्या बुवांवर त्यांच्याइतके कठोर प्रहार थोड्यांनीच केले असतील. उंची कोट पाहून मनुष्यास मोठा समजणे ही जशी चूक, तशीच कफनी पाहून त्यास साधू समजणे हीही चूकच होय.

दुसराही एक गैरसमज होऊ नये. ह्या चरित्रावरून कोणी असे म्हणेल की गरिबाने फाटके नेसावे आणि त्यातच समाधान मानावे. तसे नाही. ह्यासाठी गाडगे महाराजांच्या शेजारी दुसऱ्या एका पुरुषास उभे करून पाहिले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांच्या अंगावर नेहमी उत्तम शिवलेला कोट, पाटलोण व गळपट्टी असे. सन १९२७ च्या डिसेंबरात महाड येथील सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी तेथे जमलेल्या अस्पृश्य मानिलेल्या स्त्रियांस सांगितले की ज्या नेसण्यावरून व ज्या जड दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते ती सोडून द्या, आणि इतर स्त्रिया नेसतात तसे नीटनेटके लुगडे नेसा. त्या काळी खेड्यांत अनेक ठिकाणी खालच्या मानिलेल्या जातींनी नवे वस्त्र नेसणे, पायांत जोडा घालणे, सोन्यारुप्याचा दागिना घालणे हा अपराध समजला जाई. म्हणजे चिंधी ही त्यांनी पसंत केलेली नव्हती. ती त्यांच्यावर लादलेली होती. जी लादलेली आहे ती फेकून देण्यात मुक्ती आहे, आणि ज्यास ती घालणे भाग नाही त्याने गरिबांच्या प्रेमास्तव ती अंगावर घेण्यात त्याग आहे. दोन्ही गोष्टी निराळ्या असून दोन्ही खऱ्या आहेत.

ह्या दोन पुरुषांचा परस्परांवर मोठा लोभ होता. एकाच्या अंगावर विलायती पद्धतीचा पोशाख, एकाच्या अंगावर गोधडी. एक परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला, एक अक्षरशून्य. परंतु एकमेकांस पाहताना त्यांची दृष्टी वस्त्रावर अडकली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा महाराजांनी पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आजे-पणजे ज्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतून आले, तेथे स्वच्छ धोतर नेसल्याबद्दल टोमणे व मार खाल्लेली माणसे होती. त्यांच्या नातवंडांनी आज चांगले वस्त्र घालावे, आनंदाने घालावे. फक्त ते घालून, ज्यास अद्याप मिळाले नाही त्याच्याकडे, पूर्वी गाव आपल्याकडे ज्या नजरेने पाही त्या नजरेने पाहू नये.

महाराजांच्या आयुष्याच्या अखेरीची एक गोष्ट मुंबईच्या उपनगरातील आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथील पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले. हेच त्यांचे शेवटचे कीर्तन मानितात, आणि त्याचे ध्वनिमुद्रण झाले असल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकावयास मिळतो. ही जागा कोणती ते मनात आणा. फाटक्या वस्त्रांतील, घरदार नसलेला मनुष्य पोलीस ठाण्यात बहुधा कसा येतो? संशयावरून धरून आणिलेला. फुटपाथवर निजला म्हणून उठविलेला. रात्रीच्या वेळी अनोळखी मनुष्याच्या कपड्यांवरून तर्क करणे हे तर पहारा देणाऱ्या शिपायाच्या कामाचाच एक भाग होऊन बसतो. त्याच ठाण्यात, त्याच चिंध्या अंगावर असता, तो वृद्ध मनुष्य बोलत होता, आणि खाकी वस्त्रांतील मंडळी ऐकत होती. त्या दिवशी तेथे ज्याने नीट कान दिले असतील, त्याने दुसऱ्या रात्री फुटपाथवरच्या मनुष्यास उठविताना काठी थोडी हळू आपटली असेल, अशी आम्ही आशा करितो.

ह्यानंतर महिनाही लोटला नाही तोच ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर वारले. त्याच महिन्याच्या २० तारखेस अमरावतीकडे जात असता वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी, गाडगे महाराजांनी देह ठेविला. अमरावतीस त्यांची समाधी आहे.

त्यांच्या हयातीतच, सन १९५४ मध्ये, कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी कऱ्हाड येथे त्यांच्या नावाने महाविद्यालय काढिले. शाळेत न गेलेल्या मनुष्याचे नाव महाविद्यालयास दिले गेले. पुढे अमरावतीच्या विद्यापीठासही त्यांचेच नाव मिळाले. सन २००० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुरू केलेले ग्रामस्वच्छता अभियान त्यांच्याच नावाने चालले. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयात उपचारासाठी आलेले गोरगरीब रोगी व त्यांची माणसे तेथे उतरतात. गावोगावी त्यांचे पुतळे आहेत. मूर्तिकार गोधडी व खराटा मोठ्या काळजीने घडवितो. लोक पुतळ्यास हार घालून घरी जातात, आणि वाटेत पहाटेपासून रस्ता झाडीत असलेली बाई समोर आली तर तिचे नावही कोणी विचारीत नाही. तिच्या हातीही खराटाच असतो.

म्हणून आता आम्हांस आमच्या मंडळ्यांविषयी दोन शब्द बोलावयाचे आहेत. रविवारी उपासनेस येताना धुतलेले, नीटनेटके वस्त्र नेसावे, ही चांगली चाल आहे. ती कोणी मोडू नये. परंतु प्रत्येक उपदेशकाने आपल्या मंडळीच्या यादीवरून एकदा बोट फिरवून पाहावे. नाताळच्या उपासनेस नवे लुगडे नाही म्हणून घरीच राहिलेली एखादी विधवा तीत आहे काय? जुना सदरा घालून मागच्या भिंतीशी बसणारा आणि प्रार्थना होताच कोणाशी न बोलता निघून जाणारा एखादा मजूर आहे काय? मुंबई-पुण्याहून सुटीस आलेल्या कोटवाल्या भावास आपण पुढे खुर्ची दिली, तेव्हा कोणास उठविले? सहभोजनास लेकरांस रांगेत बसविताना कोणती लेकरे नेहमी शेवटास जातात? ही उत्तरे कोणास दाखवावयाची नाहीत. उपदेशकाने ती आपल्या मनाशीच द्यावी, आणि मग त्या विधवेच्या घरी जावे. लुगड्याचा विषय काढून तिला लाजवू नये. तिची नेहमीची जागा रिकामी राहिली व मंडळीस ती जाणवली, एवढे तिला कळवावे.

परक्या मनुष्याविषयीही एक साधा नियम आम्ही सुचवितो. दारात कोणी उभा राहिला की प्रथम त्यास पाणी द्यावे, मग नाव विचारावे, मग काम विचारावे. इतके होईपर्यंत त्याच्या कपड्यांविषयी मनात काही ठरवू नये. ह्या नियमाने कधी कधी लबाड मनुष्यासही एक तांब्या पाणी फुकट जाईल. परंतु तो नियम न पाळिल्यामुळे आपण आजवर कोणाकोणास दारातून परत लाविले, हे आपणांस कधीच कळणार नाही. गाडगे महाराजांस ज्या बाईने दार लाविले तिलाही ते कळले नव्हते. ते रात्री कीर्तनात उभे राहिले तेव्हा कळले. आपल्या दारातून परत गेलेले सर्वच लोक रात्री कीर्तनास उभे राहत नाहीत.